पुरात टॉवर बंद पडला तर: मेशटॅस्टिक रेडिओवरचे निरोप खासगी कसे ठेवायचे

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर आलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. असा पूर आला की वीज तोडावी लागते, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात आणि हातातला फोन नुसता उजेडापुरता राहतो. म्हणून नदीकाठच्या गल्ल्यांनी आणि वाड्यांनी मेशटॅस्टिकचे छोटे रेडिओ आधीच घेऊन ठेवावेत, असं आमचं ठाम मत आहे. सिमकार्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही. एक रेडिओ दुसऱ्याला निरोप देतो, दुसरा तिसऱ्याला. फोन ब्लूटूथनं आपापल्या रेडिओला जोडायचा आणि ॲपमध्ये टाइप करायचं.

पण पुरातले निरोप असतात कसे? ‘आम्ही घर सोडलं, कुलूप लावलंय.’ ‘आजोबांचं इन्सुलिन उद्यापर्यंतच पुरेल.’ ‘वहिनी आणि मुलं वरच्या मजल्यावर एकटीच आहेत.’ पहिला निरोप चोराला हवाच असतो, आणि तिसरा परक्याच्या कानावर अजिबात जाऊ नये. नवा रेडिओ खोक्यातून काढून तसाच वापरला, तर यातला कुठलाही गटात टाकलेला निरोप टप्प्यातल्या कुणाच्याही मेशटॅस्टिक रेडिओवर वाचता येतो. हे बदलायला तासभर लागतो. तो तास मे महिन्यात काढायचा, पाणी चढल्यावर नाही.

कुलूप आहे, पण त्याची किल्ली सगळ्यांकडे

मेशटॅस्टिकमध्ये निरोप ‘चॅनेल’वर जातो आणि प्रत्येक चॅनेलला एक गुप्त किल्ली असते. नव्या रेडिओवरच्या चॅनेलचं नाव ‘लाँगफास्ट’ असतं आणि त्याची किल्ली ॲपमध्ये ‘ए’, ‘क्यू’ आणि पुढे दोन बरोबरची चिन्हं अशी दिसते. जगातल्या प्रत्येक नव्या रेडिओत हीच किल्ली असते. निरोप तांत्रिकदृष्ट्या कूटबद्ध होतो, ॲप तसं सांगतंही, पण ही किल्ली म्हणजे गावातल्या प्रत्येक घराला एकाच नंबरचं कुलूप. नवखा माणूस ‘एन्क्रिप्टेड’ हा शब्द वाचून निर्धास्त होतो. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते.

दुसरी गोष्ट थेट निरोपाची, म्हणजे एकानं एकालाच पाठवलेल्या निरोपाची. २०२४ मध्ये आलेल्या मेशटॅस्टिकच्या २.५ आवृत्तीपूर्वी असा निरोपसुद्धा चॅनेलच्याच किल्लीनं बंद व्हायचा. पाकिटावर नाव एकाचं, पण चॅनेलवरचा कुणीही ते उघडू शकत होता. २.५ पासून प्रत्येक रेडिओला स्वतःची किल्ल्यांची जोडी मिळते. त्यातली सार्वजनिक किल्ली सगळ्यांना वाटायची आणि खासगी किल्ली रेडिओतच राहते. आता थेट निरोप फक्त ज्याच्यासाठी आहे त्याच्याच रेडिओवर उघडतो.

मात्र २.५.० पासून २.६.११ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्यांत एक गंभीर दोष होता. काही विक्रेत्यांनी फर्मवेअरची (म्हणजे रेडिओच्या आतल्या सॉफ्टवेअरची) एकच तयार प्रत अनेक रेडिओंवर उतरवली, त्यामुळे वेगवेगळ्या रेडिओंत तीच खासगी किल्ली गेली. काही रेडिओंमध्ये किल्ली तयार होताना पुरेशी यादृच्छिकता नव्हती. २.६.११ मध्ये हे दुरुस्त झालं: आता किल्ली तुम्ही पहिल्यांदा प्रदेश निवडता त्या वेळी तयार होते. म्हणून विक्रेत्यानं ‘सगळं टाकून दिलंय, फक्त चालू करा’ म्हटलं तरी फर्मवेअर स्वतः नव्यानं घालायचं.

खरेदी आणि पहिलं चालू करणं

घेताना ‘८६८ मेगाहर्ट्‌झ’ची आवृत्ती मागा. ४३३ ची स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आपल्याकडे या कामासाठी परवानामुक्त आहे तो ८६५ पासूनचा पट्टा. २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मोकळा झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. उपकरणाला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची) ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मान्यता आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्या. सुरुवातीला हेल्टेक व्ही३ पुरेसा आहे. त्याला छोटा पडदा असतो. रॅक ४६३१ विजेला फार काटकसरी आहे, त्यामुळे गच्चीवर कायम ठेवायला तो बरा.

अँटेना आधी, वीज नंतर. हा क्रम कधीही मोडायचा नाही. अँटेना नसताना रेडिओनं प्रक्षेपण केलं, तर बाहेर न पडलेली शक्ती परत आत फिरते आणि प्रक्षेपणाचा भाग जळू शकतो. स्क्रीन चालूच राहते, म्हणून बिघाड कळतही नाही. नुसता पल्ला शंभर पावलांवर येतो.

मग संगणकावर क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये मेशटॅस्टिकचं अधिकृत फ्लॅशर पान, म्हणजे रेडिओत फर्मवेअर घालायचं पान उघडा. रेडिओ यूएसबी-सी केबलनं जोडा. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलनं संगणकाला रेडिओ दिसतच नाही आणि माणूस उगाच रेडिओला दोष देत बसतो. आपलं मॉडेल आणि सर्वात नवी स्थिर आवृत्ती निवडा. पहिल्या वेळी नुसतं ‘अपडेट’ करू नका. ‘पूर्ण पुसून नव्यानं बसवा’ हाच पर्याय घ्या, म्हणजे विक्रेत्याकडून आलेली किल्ली शिल्लक राहत नाही.

फोनवर मेशटॅस्टिक ॲप उतरवून ब्लूटूथनं जोडणी करा. पडदा असलेला रेडिओ जोडणीचा आकडा पडद्यावर दाखवतो. बिनपडद्याच्या रेडिओचा आकडा १२३४५६ असतो आणि तो सगळ्या जगाला माहीत आहे. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊन तो लगेच बदला. निवारा केंद्रात तुमच्या शेजारी बसलेल्या माणसानं हा आकडा टाकून जोडणी केली, तर त्याला किल्ल्यांसकट सगळं दिसेल.

लोराची सेटिंग्ज

लोरा म्हणजे हे रेडिओ एकमेकांशी ज्या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीनं बोलतात ती. तिच्या सेटिंगमध्ये प्रदेश ‘इंडिया’ निवडा. याच क्षणी तुमची किल्ल्यांची जोडी तयार होते.

त्याखाली ‘मोडेम प्रीसेट’, म्हणजे वेग आणि पल्ला ठरवणारा तयार संच असतो. मूळचं ‘लाँग फास्ट’ २५० किलोहर्ट्‌झ रुंदीचं आहे. २००५ मध्ये हा पट्टा मोकळा करताना घातलेली मर्यादा मात्र एक वॅट प्रक्षेपण शक्ती, अँटेनातून बाहेर पडणारी परिणामी शक्ती (ईआरपी) चार वॅट आणि २०० किलोहर्ट्‌झ रुंदी अशी होती. म्हणून १२५ किलोहर्ट्‌झचं ‘लाँग मॉडरेट’ घ्यावं. ते हळू आहे, पण पल्ला थोडा वाढतो आणि पुरात चार शब्दांच्याच निरोपांचं काम असतं.

‘फ्रीक्वेन्सी स्लॉट’मध्ये शून्य असेल, तर रेडिओ पट्ट्यातली आपली नेमकी जागा पहिल्या चॅनेलच्या नावावरून स्वतःच ठरवतो. तसं ठेवू नका. लाँग मॉडरेटवर १ ते १६ पैकी एक आकडा गटानं ठरवायचा, समजा ६, आणि तोच सगळ्यांनी टाकायचा. याचा उपयोग पुढे गच्चीवरच्या रेडिओपाशी कळेल. हॉप लिमिट, म्हणजे निरोप जास्तीत जास्त किती वेळा पुढे टाकला जाईल तो आकडा, ३ असतो, तो ३ च राहू द्या. सगळ्यांनी तो ७ केला, तर एकच निरोप पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि नव्याला वाट मिळत नाही.

सांगली-साताऱ्यातल्या परवानाधारक हॅम (हौशी रेडिओ) मंडळींसाठी एक सूचना. ‘लायसन्स्ड’ हे बटण चालू केलं की कूटबद्धीकरण बंद होतं, कारण हौशी रेडिओवर गुप्त भाषेला परवानगी नाही. या कामासाठी ते बटण बंदच हवं.

स्वतःचं चॅनेल, स्वतःची किल्ली

गटातल्या एकाच माणसानं हे करायचं. बाकीच्यांनी फक्त घ्यायचं.

चॅनेलच्या यादीत पहिलं, म्हणजे शून्य क्रमांकाचं चॅनेल उघडा. नाव बदला. नाव १२ बाइटच्या आत बसावं लागतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार सगळं धरून, तीन-तीन बाइट खातं. म्हणजे देवनागरीत तीनच चिन्हं बसतात. ‘हरिपूर’ बसत नाही, ‘घाट’ बसतं. किल्लीच्या रकान्यात २५६ बिट निवडून ती यादृच्छिक तयार करणारं बटण दाबा. ४४ अक्षरांची लांबलचक ओळ आली की काम झालं. हाताने काही टाइप करू नका. लाँगफास्टचं मूळ चॅनेल दुसऱ्या जागेवर ठेवायचा मोह होईल. पुरासाठीच्या गटाला त्याची गरज नाही, आणि घाईत निरोप चुकून तिथं पडतो.

आता किल्ली वाटायची. ॲप क्यूआर कोड दाखवतं, दुसऱ्यानं तो आपल्या फोननं टिपायचा. त्या कोडमध्ये किल्ली जशीच्या तशी असते. त्याचा स्क्रीनशॉट गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, की ग्रुपमधल्या दोनशे माणसांकडे आणि त्यांनी पुढे पाठवलेल्या प्रत्येकाकडे किल्ली गेली. सगळ्यांना समोरासमोर बोलवा. एक माणूस, एक फोन, कोड टिपला की पुढचा. लांबच्या माणसाला द्यायचाच असेल, तर कागदावर छापून हातात द्या. टिपताना ॲप ‘बदला’ की ‘जोडा’ असं विचारतं. इथं ‘बदला’ घ्यायचं. मग प्रत्येकाचं प्रीसेट, स्लॉट आणि प्रदेश एकदा डोळ्यांखालून घाला. दहातल्या दोघांचे रेडिओ ‘चालत नाहीत’ तेव्हा बहुतेकदा स्लॉटचा आकडा वेगळा निघतो.

एमक्यूटीटी नावाची सोय निरोप इंटरनेटवरच्या सर्व्हरकडे नेते. ती बंद ठेवा, आणि चॅनेलमधले ‘अपलिंक’ आणि ‘डाउनलिंक’ हेही बंद. एकाच माणसानं ते चालू केलं तरी सगळ्या गटाचे निरोप गावाबाहेर जातात.

थेट निरोप आणि हिरवं कुलूप

चॅनेलवरच्या निरोपाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. किल्ली असलेला कुणीही दुसऱ्याच्या नावानं त्यावर लिहू शकतो. निरोप खरंच त्याच माणसाचा आहे, याची खूण चॅनेलच्या कूटपद्धतीत नाही. म्हणून पाण्याची पातळी, रस्ता बंद, जेवण आलं, असे सर्वांचे निरोप चॅनेलवर आणि घर, आजारपण, औषध, पैसे, बोट कुठं पाठवायची हे सगळं थेट निरोपानं. हा नियम गटात आधी ठरवा.

थेट निरोप खासगी राहायला दोन्ही रेडिओंकडे एकमेकांची सार्वजनिक किल्ली पोचलेली असावी लागते. रेडिओ आपली माहिती मूळ सेटिंगमध्ये तीन-तीन तासांनी प्रसारित करतो. पुराच्या रात्री तीन तास थांबायला कुणाकडे आहेत? म्हणून मे महिन्यातल्या त्याच बैठकीत सगळे रेडिओ चालू ठेवून प्रत्येकानं प्रत्येकाच्या नावावर जाऊन ‘माहितीची देवाणघेवाण’ करून घ्यायची. नावापुढचं चिन्ह बघायचं:

हिरवं बंद कुलूप दिसलं, तर निरोप त्या माणसाच्याच किल्लीनं बंद होतोय. बिनधास्त लिहा.

पिवळं उघडं कुलूप असेल, तर त्याची किल्ली तुमच्याकडे नाही आणि निरोप चॅनेलच्या किल्लीनं जाऊ शकतो. तसा गेला तर गटातला कुणीही तो वाचू शकतो.

लाल रंगातली किल्ली आली, की त्या नावाची आधीची किल्ली आणि आताची किल्ली जुळत नाही. बहुतेकदा समोरच्यानं रेडिओ पूर्ण पुसलेला असतो. पण दुसऱ्या कुणीतरी तेच नाव आणि क्रमांक घेतलेला असू शकतो. प्रत्यक्ष भेटून खात्री होईपर्यंत खासगी काही लिहू नका.

रेडिओ पहिल्यांदा दिसलेल्या किल्लीवर विश्वास ठेवतो, म्हणून ती पहिली किल्ली खरी आहे का हे एकदा तपासावं. ॲपमध्ये नोडच्या, म्हणजे त्या रेडिओच्या तपशिलात ४४ अक्षरांची सार्वजनिक किल्ली असते. समोरासमोर बसून एकानं आपल्या फोनवरची पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं वाचायची, दुसऱ्यानं आपल्याकडे जुळवायची. (शेवटचं बरोबरचं चिन्ह सगळ्यांचंच सारखं असतं, ते धरू नका.) जुळलं की त्या माणसाला ‘फेव्हरिट’ करा, म्हणजे यादी भरली तरी त्याची नोंद पुसली जात नाही.

निरोप लिहिताना लिपीचा विचार करा. एका निरोपात सुमारे दोनशे बाइट बसतात, म्हणजे देवनागरीत पासष्ट-सहासष्ट चिन्हं. ‘पाणी पुलाला लागलं’ हे तीन शब्द ४७ बाइट होतात. तेच रोमी लिपीत १७. लाँग मॉडरेटवर पहिल्याला दोन-अडीच सेकंद हवा अडवावी लागते, दुसऱ्याला दीडेक. तरी ज्या आजींना रोमीत वाचता येत नाही त्यांना देवनागरीतच लिहा, फक्त आटोपशीर.

गच्चीवरचा रेडिओ

खालच्या मजल्यावरून गल्लीपलीकडे जाणं मुश्कील असतं. उसाच्या फडाआडचा रेडिओ तर मुकाच होतो, कारण वाढलेला हिरवा ऊस लहरी शोषतो. गटात एक रेडिओ उंचावर हवाच. उंच जागा म्हटली की दंडोबाचा डोंगर डोळ्यांपुढे येतो, पण सुरुवात गल्लीतल्या सगळ्यात उंच गच्चीपासून किंवा ग्रामपंचायतीच्या लेखी परवानगीनं पाण्याच्या टाकीवरून करा.

या रेडिओवर नजर ठेवायला कुणी नसतं. तो चोरीला गेला आणि त्यात तुमची किल्ली असली, तर यूएसबी जोडून ती कुणालाही वाचता येते. त्यामुळे त्यात तुमचं खासगी चॅनेल घालूच नका. त्याला खोक्यातून आलेलं मूळचंच चॅनेल राहू द्या. फक्त प्रदेश, प्रीसेट आणि स्लॉटचा आकडा तुमच्यासारखाच टाका. आधी हाताने टाकलेला ६ इथं उपयोगी पडतो. ‘रिब्रॉडकास्ट मोड’ ‘ऑल’ ठेवला, की हा रेडिओ न उघडता येणारी बंद पाकिटंसुद्धा इमानानं पुढे टाकतो. पोस्टमनला पत्र वाचता येत नाही, पण पोचवता येतं. याची भूमिका ‘राउटर’ ठेवा, बाकी सगळ्यांची ‘क्लायंट’. घरातल्या रेडिओलाही हौसेनं ‘राउटर’ केलं, तर तो वाईट जागेवरून सगळ्यांच्या आधी बोलू लागतो आणि चांगल्या जागेवरचे ‘क्लायंट’ गप्प बसतात.

विजेचं गणित असं. हेल्टेक साधारण १०० मिलिॲम्पिअर घेतो, त्यामुळे १०,००० च्या पॉवर बँकेवर अडीच दिवस निघतात. रॅक इतकं कमी घेतो की बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून स्वतः बंद होतात. त्याला थेट लिथियम बॅटरी आणि छोटं सौर पॅनेलच लावा.

या सगळ्यानंतरही जे उघडं राहतं

प्रत्येक निरोपाच्या पाकिटावर पाठवणाऱ्या रेडिओचा क्रमांक, घेणाऱ्याचा क्रमांक आणि हॉपची संख्या उघडी असते. आत काय आहे कळत नाही, पण कोण कोणाशी किती वेळा बोलतंय हे ऐकणाऱ्याला कळतं. रेडिओच्या नावात आडनाव आणि घर नंबर घालू नका. जवळून फिरणाऱ्याला सिग्नलच्या जोरावरून रेडिओची जागासुद्धा शोधता येते.

स्थान पाठवण्याची सोय चॅनेलच्या सेटिंगमध्ये असते. बचावाच्या गटात अचूक जागा कळणं गरजेचं असू शकतं, तिथं चालू ठेवा. एरवी बंद, किंवा अचूकता कमी करून.

या पद्धतीत किल्ली आपोआप बदलत नाही. कुणी आज तुमचे निरोप हवेतून साठवून ठेवले आणि सहा महिन्यांनी त्याला चॅनेलची किल्ली मिळाली, तर चॅनेलवरचे जुने निरोपही उघडतील. म्हणून रेडिओ हरवला, कुणी गट सोडला किंवा पूर ओसरला, या तिन्ही वेळी नवी किल्ली करून पुन्हा समोरासमोर वाटायची. हरवलेल्या रेडिओचं नाव सगळ्यांच्या यादीतून काढायचं.

आणि फोन. निरोप हवेत कितीही बंद असला तरी तुमच्या लॉक स्क्रीनवर तो उघडा येतो. मेशटॅस्टिकच्या सूचनांचा मजकूर लपवा आणि फोनला पिन ठेवा. निवारा केंद्रात चार्जिंगला लावलेला फोन तासन्‌तास डोळ्यांआड असतो.

जीव धोक्यात असेल आणि फोनला थोडी जरी रेंज असेल, तर आधी ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. रेडिओवर त्या वेळी खासगी-सार्वजनिक बघू नका, चॅनेलवर मोठ्यानं सांगा.

दर महिन्याला एकदा सगळ्यांनी रेडिओ चालू करून प्रत्येकाला एक थेट निरोप पाठवायचा आणि हिरवं कुलूप आहे ना बघायचं. पाऊस संपल्यावर अँटेनाचं जोड उघडून आतला ओलावा पुसा, बॅटरी निम्मी भरलेली ठेवून रेडिओ कोरड्या डब्यात घाला आणि क्यूआर कोडचे छापील कागद जाळून टाका.